९७, ऑर्चर्ड स्ट्रीट: चाळीत वाढलेल्यांनी हे घर कसं बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडील सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आलेत. दोघं सत्तरीच्या आसपासचे, निम्मं आयुष्य गिरगावातल्या चाळीत काढलेले. आईचे गुडघे दुखतात. सोबत दहा वर्षांचा नातू. न्यूयॉर्कचं टेनेमेंट म्यूझियम, म्हणजे ९७, ऑर्चर्ड स्ट्रीटवरची भाड्याच्या बिऱ्हाडांची जुनी इमारत, त्यांना दाखवावं का, दाखवायचं तर कसं, आणि ‘आम्हाला काय चाळ दाखवता, आम्ही तिथेच वाढलोय’ असं वडील म्हणाले तर काय सांगायचं?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण भेट जमणार की फसणार हे त्यावरच ठरतं. वडील तसं म्हणणारच. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातली ही इमारत १८६३मध्ये बांधली गेली. बांधणारा लुकास ग्लॉकनर हा प्रशियातून आलेला शिंपी. वर बिऱ्हाडं, खाली तळघरात बिअरचं सलून. एकेका बिऱ्हाडाला तीन खोल्या, सगळ्या मिळून साधारण ३२५ चौरस फूट. हा आकडा सांगून गाईड क्षणभर थांबतो, कारण अमेरिकन प्रेक्षक इथे हमखास ‘ओह!’ करतात. आपला माणूस मात्र मनात हसतो. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात सात-आठ माणसं, आल्यागेल्याची सोय वेगळी. तीन खोल्या म्हणजे चैनच की!

इथेच गाडी रुळावरून घसरते. पुढचा तासभर माणूस फूट मोजत राहतो आणि बघायचं ते राहून जातं. म्हणून जायच्या आधीच घरी सांगून ठेवा: या घरात क्षेत्रफळ मोजायचं नाही, खिडक्या मोजायच्या.

एका मजल्यावर चार बिऱ्हाडं, दोन रस्त्याच्या अंगाला आणि दोन मागच्या अंगणाकडे. मधोमध जिना. प्रत्येक बिऱ्हाडाच्या तीन खोल्या एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या: बाहेरच्या बाजूला बैठकीची खोली, मध्ये स्वयंपाकघर, आत झोपायची खोली. बाहेर उघडणारी खिडकी फक्त बैठकीच्या खोलीला. म्हणजे मजल्यावर बारा खोल्या आणि त्यातल्या आठ खोल्यांना बाहेरचा उजेड नाही. आता गिरगावची चाळ आठवा. खोली एकच, पण दार उघडलं की गॅलरी, समोर चौक, वर आभाळ. मुलं गॅलरीत वाढली, पापड गॅलरीत वाळले, भांडणंही तिथेच झाली. ९७ ऑर्चर्डला गॅलरी नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की अरुंद, काळोखा पॅसेज. चाळीत जागा कमी होती आणि हवा होती. इथे जागा थोडी जास्त होती, पण आतल्या खोल्यांत हवा कोंडलेली. कोळशाची चूल, कपड्यांच्या वाफा आणि क्षयाचा खोकला एकाच मधल्या खोलीत. एवढं डोक्यात ठेवून वडील आत गेले तर हसणार नाहीत. उलट गाईडला चार गोष्टी तेच सांगतील.

दुसरी गोष्ट हे घर शिल्लक का राहिलं. ती कळली नाही तर सगळा देखावा सजवलेल्या सेटसारखा वाटतो. ही इमारत भाड्याच्या घरांसाठी न्यूयॉर्कमध्ये कायदा येण्याआधीची. १८६७च्या पहिल्या कायद्याने वीस माणसांमागे एक संडास आणि आगीत बाहेर पडायला लोखंडी जिना मागितला. खरा दणका १९०१च्या कायद्याचा: दर दोन बिऱ्हाडांमागे एक संडास, तोही इमारतीच्या आत, आणि आतल्या काळोख्या खोल्यांना उजेड. मजल्यावर चार बिऱ्हाडं, म्हणजे दोन संडास. ते जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये आजही दिसतात, १९०५च्या सुमाराला बसवलेले. त्याआधी संडास आणि पाण्याचा नळ दोन्ही मागच्या अंगणात. दहा लिटरच्या बादलीचं वजन दहा किलो. ती घेऊन सर्वांत वरच्या मजल्यावर रोज किती खेपा, आणि वापरलेलं पाणी खाली न्यायच्या किती, हा हिशेब नातवाला घालून द्या. त्याला घर लगेच कळेल.

खोल्यांमधल्या भिंतींत काचेच्या खिडक्या कापलेल्या दिसतील. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उघडणारी खिडकी बघून लोक बुचकळ्यात पडतात. तोही कायद्याचाच खेळ: बैठकीच्या खोलीतला उजेड उसना घेऊन आत पाठवायचा. घरमालकाला सर्वांत स्वस्तात हेच जमलं.

मग १९३५. आगीपासून बचावाचे नियम कडक झाले आणि लाकडी जिना बदलणं भाग पडलं. मालकाने खर्चाचा हिशेब केला आणि जिना बदलण्याऐवजी भाडेकरू काढले. खालची दुकानं चालू ठेवली, वरचे मजले बंद केले. १९८८मध्ये रूथ अब्राम आणि अनिता जेकबसन म्यूझियमसाठी जागा शोधत होत्या, तेव्हा वरचे मजले जवळजवळ तसेच मिळाले, पन्नास वर्षं कोणी हात न लावलेले. घरं सुधारायला आलेल्या कायद्यानेच हे घर रिकामं केलं आणि रिकामं केलं म्हणून ते टिकलं. त्या जिन्यावरूनच तुम्ही वर चढता. कठड्यावर हात ठेवून एकदा वर बघा. १८६३ ते १९३५ या काळात या इमारतीत सुमारे ७,००० माणसं राहून गेली, वीसहून जास्त देशांतली, आणि त्या सगळ्यांचे हात याच कठड्यावरून गेले.

आता आत काय बघायचं. सुटं हिंडता येत नाही. गाईडबरोबर ठरावीक दौरा घ्यावा लागतो, साधारण तास-सव्वा तासाचा. एका दौऱ्यात एक-दोन बिऱ्हाडंच दाखवतात. दौऱ्यांची नावं आणि वेळा बदलत राहतात, म्हणून नावावर न जाता कुठल्या कुटुंबाचं घर आहे ते बघून तिकीट काढा.

पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी ज्येष्ठांसाठी माझी पसंती बाल्डिझ्झी कुटुंबाला. सिसिलीहून आलेलं इटालियन घर, काळ मंदीचा, १९३५पर्यंतचा. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या तरुणपणाचा, त्यामुळे वस्तू ओळखीच्या वाटतात. वडील अडोल्फो सुतारकामातला वाकबगार, पण मंदीत हाताला काम नाही. स्वयंपाकघरात धुण्याचा खोल टब आहे: कपडे त्यातच, मुलांच्या अंघोळी त्यातच. ती आपली मोरी, फक्त कमरेएवढ्या उंचीवर आणलेली. या घरात मुलगी जोसेफिन म्हातारपणी बोललेली ध्वनिफीत ऐकवतात. गाईडचं वेगवान अमेरिकन इंग्रजी आई-वडिलांना जड जाईल. जोसेफिनचा आवाज मात्र संथ आहे आणि आठवणी घरगुती. तिथे भाषांतर करत बसू नका, ऐकू द्या.

दुसरं घर गुम्पर्ट्झ यांचं. १८७३च्या आर्थिक घबराटीनंतरचा काळ. १८७४च्या ऑक्टोबरमध्ये एके सकाळी ज्युलियस गुम्पर्ट्झ कामाला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. मागे नाताली आणि चार मुलं. तिने घरीच बायकांचे कपडे शिवायला घेतले. १८८३मध्ये सासऱ्याकडून ६०० डॉलरचा वारसा येणार होता, पण तो मिळवण्यासाठी नवरा मेला असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यावं लागलं. आज ही गोष्ट सांगता येते ती त्या कोर्टाच्या कागदांमुळे. गरिबाची नोंद सरकारी दप्तरात उमटते ती बहुधा जन्माला, मरणाला आणि कज्ज्याला. म्यूझियमने हेच कागद, जनगणनेच्या याद्या आणि मृत्यूचे दाखले जुळवून ही घरं उभी केली आहेत.

शिवणकामाशी तुमच्या घराचा काही संबंध असेल तर मात्र लेव्हाईन यांचं घर सोडू नका. १८९०च्या दशकात हॅरिस लेव्हाईनने बैठकीच्या खोलीतच कारखाना काढला. खिडकीजवळ मशीन, कारण उजेड तिथेच. तिथे तो शिलाई मारायचा. एक माणूस धावदोऱ्याचे कच्चे टाके घालायचा, दुसरा इस्त्री करायचा, एक मुलगी हातशिलाई आणि शेवटचं काम उरकायची. इस्त्र्या स्वयंपाकघराच्या चुलीवर तापायच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातही चूल विझवायची सोय नाही. त्याच चुलीवर जेनी लेव्हाईनचा स्वयंपाक, त्याच घरात तान्ही मुलं. इथे उभं राहून एकच गोष्ट बघा: मशीनपासून चुलीपर्यंत किती पावलं आहेत. एवढ्या अंतरात सगळा धंदा आणि सगळा संसार.

रोगार्शेव्स्की यांचं घर त्यानंतरचं. अब्राहम रोगार्शेव्स्की कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करायचा आणि १९१८मध्ये क्षयाने गेला. त्या काळी या रोगाला शिंप्यांचा रोग म्हणत. मराठी घरातल्या बायका इथे जास्त रमतात, याचं कारण स्वयंपाकघर. ज्यू घरात मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, दोन्ही एकत्र होऊ द्यायची नाहीत. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या बाईला हे दोन मिनिटांत समजतं, गाईडला ते समजवायला दहा लागतात. नवऱ्यामागे फॅनीने इमारतीची झाडलोट आणि देखभालीचं काम धरलं आणि घर राखलं.

एकोणिसाव्या शतकाचा शेवट आणि विसाव्याची सुरुवात सांगणाऱ्या दौऱ्यांत १९०२च्या मे महिन्यातला मांसावरचा बहिष्कार येतो. कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांना चालणाऱ्या मांसाचा भाव पौंडाला १२ सेंटवरून १८ सेंटवर गेला आणि याच गल्ल्यांतल्या बायकांनी खाटकांची दुकानं अडवली. मुंबईतला १९७२चा लाटणे मोर्चा आईला आठवत असेल, तर मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांचं नाव काढून हा धागा जोडून द्या. पुढचं तीच बोलेल.

अलीकडे एक वेगळं बिऱ्हाड मांडलंय, जोसेफ आणि रेचल मूर या कृष्णवर्णीय जोडप्याचं, १८६९च्या सुमाराचं. हे कुटुंब या इमारतीत राहत नव्हतं, आणि म्यूझियमही ते लपवत नाही. शहराच्या तेव्हाच्या नाव-पत्त्यांच्या पुस्तकात जोसेफ मूर नावाचे दोघे वर-खाली छापलेले: एक ९७ ऑर्चर्डचा आयरिश, दुसरा या जोडप्यातला, ज्याच्या नावापुढे तो काळा असल्याची खूण. त्या एका खुणेवरून शोध घेत हे घर रचलं. इमारतीत न राहिलेल्यांना या इमारतीत जागा द्यावी का, यावर मतं वेगळी असू शकतात. मला ते पटतं, कारण दुसऱ्या जोसेफला ऑर्चर्ड स्ट्रीटला बिऱ्हाड का नव्हतं हा प्रश्न त्याशिवाय कोणी विचारलाच नसता. पण पहिल्या भेटीला हा दौरा घेऊ नका. मूळ भाडेकरूंची घरं आधी पाहिली तर याची धार कळते.

सजवलेल्या घरांइतकंच महत्त्वाचं म्हणजे मुद्दाम दुरुस्त न केलेली जागा. काही दौऱ्यांत अशी पडझडीची खोली दाखवतात आणि लोक तिथून भराभर पुढे सरकतात. तिथेच थांबा. भिंतीवरचा कागद जिथे फाटलाय तिथे कडेला थर दिसतात. या इमारतीत काही भिंतींवर कागदाचे वीसहून जास्त थर सापडलेत. नवीन बिऱ्हाड आलं की जुन्या कागदावर नवा कागद. घडी न मोडलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यासारखी ती कड दिसते: खाली करडा, मग फुलांचा, मग पट्ट्यांचा, मध्येच एखादा थर काजळीने काळवंडलेला. हात लावू नका. कागद कोरडा झालाय, बोट लागलं की पापुद्रा सुटतो. छायाचित्राचं काय चालतं ते गाईडला आधी विचारा.

सजवलेल्या खोलीत गाईडला विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न: ‘यातलं मूळचं काय आणि नंतर आणलेलं काय?’ बरंचसं सामान त्या काळातलं असतं, पण त्याच कुटुंबाचं असेलच असं नाही. भिंती, जमीन, जिना, खिडक्या मूळच्या. हा फरक कळला की वस्तूंवरची नजर भिंतींवर जाते, आणि या घराचा खरा पुरावा भिंतीच आहेत. चांगल्या गाईडला हा प्रश्न आवडतो.

गाईडही प्रश्न विचारतात: तुमचं कुटुंब कुठून कुठे गेलं? आपले लोक अशा वेळी गप्प राहतात, ‘आम्ही तर पाहुणे’ म्हणून. बोलायला सांगा. कोकणातून गिरणीत आलेला चाकरमानी, पाळीपाळीने एकाच खोलीत झोपणारे गाववाले, खानावळीतलं जेवण, गावाला मनीऑर्डर: लोअर ईस्ट साइडच्या बिऱ्हाडांतही असेच पोटभाडेकरू ठेवत, भाड्याला हातभार म्हणून. वाक्य नातवाने इंग्रजीत सांगितलं तरी चालेल. आजोबांची गोष्ट त्याच्या तोंडून यावी, याहून चांगलं काय.

आता गुडघे. ९७ ऑर्चर्डमध्ये वरच्या बिऱ्हाडांना लिफ्ट नाही. जिना अरुंद, उजेड बेताचा. मजल्यांचा घोळ लक्षात ठेवा: अमेरिकन पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. त्यामुळे ते ‘तिसरा’ म्हणाले की आपल्या हिशेबाने दोन जिने. एक-दोन जिने कठडा धरून, दमादमाने चढता येत असतील तर हरकत नाही, पण तिकीट काढताना कितव्या मजल्यावर जायचं ते विचारून घ्याच. उतरताना गर्दी मागून येते. आईला शेवटी उतरू द्या, म्हणजे घाई होत नाही. जिना जमणारच नसेल तर शेजारच्या १०३ ऑर्चर्डमधला दौरा घ्या, तिथे लिफ्ट आहे. तिथली घरं १९५०नंतरची: ज्यू नरसंहारातून वाचलेलं एपस्टीन कुटुंब, पोर्तो रिकोहून आलेलं साएझ-वेलेझ, आणि वाँग हे चिनी कुटुंब, ज्यातली आई शिवणकारखान्यात जायची. नातवालाही हाच दौरा जास्त आवडण्याची शक्यता, कारण टीव्ही, खेळणी, पलंगाखालचा पसारा त्याला ओळखता येतो.

एका दिवसात दोन दौरे काढायचा मोह आवरा. तासभर उभं राहणं, अनोळखी उच्चार, कोंदट खोल्या यांचा शीण दिसतो त्यापेक्षा जास्त असतो. दुसऱ्या दौऱ्यात लोक फक्त माना डोलावतात. बसायला मध्येमध्ये जागा मिळते, पण गृहीत धरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळचाच दौरा घ्या. तिकीट वेळेचं असतं आणि गट लहान असल्याने शनिवार-रविवारचे दौरे आधी भरतात, म्हणून ऑनलाइन काढून ठेवा. पंधरा-वीस मिनिटं आधी १०३ क्रमांकाच्या इमारतीत पोचा. तिकीटखिडकी, दुकान आणि स्वच्छतागृह तिथेच आहे. जुन्या इमारतीत स्वच्छतागृह वापरता येत नाही (पॅसेजमधले संडास बघायचे, वापरायचे नाहीत!), म्हणून आधीच उरकून घ्या. मोठी पाठपिशवी नको, वळताना भिंतीला घासते. खोलीत शिरताना आई-वडिलांना गाईडच्या मागोमाग पहिले आत सोडा. स्वयंपाकघर एवढंसं असतं, मागे राहिलेल्याला दाराच्या चौकटीतून फक्त पाठी दिसतात.

पोचायचं कसं: एडिसनकडून येत असाल तर एनजे ट्रान्झिटने पेन स्टेशन, तिथून चालत ३४ स्ट्रीट-हेराल्ड स्क्वेअर, आणि डाउनटाउनला जाणारी एफ सबवे. जर्सी सिटीकडून पाथ ट्रेनने १४ स्ट्रीटला उतरा, एफ तिथेच मिळते. दोन्ही वाटांनी उतरायचं डिलान्सी स्ट्रीट-एसेक्स स्ट्रीटला. या स्टेशनला जिने बरेच आहेत. आईला ते जड वाटले तर शेवटचा टप्पा टॅक्सीने करा. गुडघ्यांची ताकद त्या लाकडी जिन्यासाठी राखून ठेवलेली बरी. स्टेशनबाहेर आल्यावर डिलान्सीवरून पश्चिमेला एसेक्स, मग लडलो, मग ऑर्चर्ड. म्यूझियम कोपऱ्यावरच.

दौऱ्यानंतर लगेच ट्रेन पकडू नका, अर्धा तास ऑर्चर्ड स्ट्रीटवर फिरा. समोरच्या बाजूला जाऊन ९७ क्रमांकाकडे बघा: दर्शनी भागाला खिडक्या भरपूर, लोखंडी जिने, छानच दिसते इमारत. आतल्या आठ काळोख्या खोल्या बाहेरून कळतच नाहीत. नातवाला विचारा, कुठल्या खिडकीमागे कुठली खोली असेल. खाण्यासाठी एसेक्स मार्केट दोन गल्ल्यांवर आहे, शाकाहारी काही ना काही मिळतं, बसायला जागाही आहे. ह्यूस्टन स्ट्रीटच्या बाजूला बटाट्याचा क्निश मिळतो, आपल्या बटाटेवड्याचा मिरची-लसूण विसरलेला चुलतभाऊ. शाकाहारी असाल तर चरबी वापरली आहे का ते विचारून घ्या. ग्रँड स्ट्रीटवरच्या एका ज्यू दुकानात पिंपात मुरवलेली काकडीची लोणची मिळतात: तेल नाही, मोहरी नाही, नुसतं मिठाचं पाणी, लसूण आणि शेपू. आईला तिखटाशिवाय लोणचं म्हणजे काय हे पटणार नाही, तरी चव बघू द्या. मात्र शनिवारी ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस असतो आणि ते दुकान बंद असतं, म्हणून लोणची घ्यायची असतील तर रविवारचं तिकीट काढा.